प्लेटवरचा हात

माझ्या नाकावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भर परीक्षेत ज्या माणसावर ओरडले, त्याच्यावर ओरडायची कुणाची छाती होत नाही.

आमचं काम गंजाचं. लोखंडावर चढलेला गंज उतरवायचा आणि तो पुन्हा चढू नये म्हणून वर रंग बसवायचा. पाण्याच्या टाक्या, पूल, माणूस आत उभा राहील एवढाले पाईप, जिथे लोखंड तिथे आम्ही. गंज काढायला बारीक खडी हवेच्या जोराने नळीतून लोखंडावर मारतात. त्या खडीला आम्ही ग्रिट म्हणतो आणि त्या कामाला ब्लास्टिंग. नळीच्या तोंडाशी नोझल असतं. ते धरायला अंगात ताकद लागते आणि डोकं शांत लागतं. ताकद माझ्याकडे भरपूर आहे. मी टोळीत आले तेव्हा मुकादमाने "बाईमाणसाला झेपायचं नाही" म्हणून माझ्या हातात ब्रश दिला होता. आठव्या दिवशी नोझल धरणारा तापाने पडला, म्हणून एका दिवसापुरतं नोझल माझ्याकडे आलं. त्या एका दिवसाला आता बारा वर्षं झाली.

काम मला बाबांनी शिकवलं. बाबा पस्तीस वर्षं नोझलवर होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर एका टाकीच्या झाकणाखाली गेलं. बाकी सगळं शाबूत आहे, विशेषतः तोंड. त्यांची मोठी शिकवण एकच होती. ब्लास्टिंग झालं की हातमोजा काढायचा आणि उघडा तळहात लोखंडावरून फिरवायचा. "डोळा फसतो गं, हात फसत नाही," ते म्हणायचे. "मांजराच्या जिभेसारखी खरखर लागली पाहिजे. मग समजायचं, रंग धरणार." मी हजार वेळा तरी असा हात फिरवला असेल. हात फिरवल्याशिवाय काम संपल्यासारखंच मला वाटत नसे.

मग ते सर्टिफिकेट आलं. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या आठ टाक्यांचं मोठं काम निघालं होतं. काम देणाऱ्यांनी अट घातली, की पहिल्या तारखेपासून ज्याच्याकडे गंजरोधक कामाचं सर्टिफिकेट असेल त्यानेच नोझल धरायचं. एक परीक्षा लेखी, एक हाताने करून दाखवायची. पास झालात तर फोटो लावलेलं कार्ड मिळणार. नापास झालात तर आणखी एक संधी, आणि तीही घालवलीत तर वर्षभर थांबा.

मी हसले होते. बारा वर्षं जे रोज करतेय त्याची परीक्षा ती काय, असं मला वाटलं. लेखीत शंभरात अठ्ठावन्न पडले, म्हणजे पास. प्रात्यक्षिकाला प्रत्येकाला एक जाड लोखंडी प्लेट दिली. स्टुलाएवढी, गंजाने खाल्लेली, वर मुद्दाम चार बोल्ट बसवलेले आणि एक ओबडधोबड वेल्ड मारलेला. सकाळी ती ब्लास्ट करून चकचकीत करायची. मग जेवणाच्या सुट्टीत ती एका दमट कपाटात ठेवतात. लोखंडावर काही घाण राहिली असेल तर तिथे गंज लगेच डोकं वर काढतो. नाही काढलं तर दुपारी रंग द्यायचा.

माझी प्लेट सगळ्यांच्या आधी झाली. मी हातमोजा काढला, हात फिरवला, मांजराची जीभ लागली आणि खुशीत जेवायला गेले.

सुट्टीनंतर कपाट उघडलं. माझी प्लेट स्वच्छ करड्या रंगाने चमकत होती आणि तिच्या मधोमध एक तांबूस हात उमटला होता. पाच बोटं, तळवा, तळव्यावरच्या रेषासुद्धा. ज्योतिष्याने भविष्य सांगावं इतक्या स्पष्ट.

परीक्षक अंगाने हडकुळे, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेले. ते आवाज न चढवता म्हणाले, "ताई, तुमचा उजवा हात जरा वर धरता?"

मी धरला. हातच्या काकणाला आरसा कशाला? बोटाला बोट जुळत होतं.

"घामात मीठ असतं," ते म्हणाले. "मिठावर रंग दिला की रंगाच्या खाली गंज सुरू होतो. वरून काही दिसत नाही. नापास."

"बारा वर्षं मी असंच करतेय!"

"मग बारा वर्षांपूर्वीच्या टाक्या एकदा बघून या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी शब्दशः केलं होतं. टोळीत बातमी माझ्याआधी पोचली. मुकादमाचा मेव्हणा पहिल्याच फटक्यात पास झाला होता. या माणसाला आम्ही नवरदेव म्हणतो, कारण तो गंजाच्या कामावर इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि हात खराब होतील म्हणून जेवायच्या वेळेपर्यंत हातमोजे काढत नाही. म्हणजे त्याचा नखरा त्याला पास करून गेला आणि माझं कसब मला नापास. "परीक्षेत ठसा उमटवून आलीस म्हणे," तो म्हणाला, आणि सगळी टोळी खिदळली. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुकादम मात्र हसला नाही. "हे बघ," तो म्हणाला, "तुझ्यासारखं नोझल कुणी धरत नाही, हे मी माझ्या मेव्हण्यासमोर सांगतो. पण गेटवर कार्ड बघणार. पहिल्या तारखेपर्यंत कार्ड आण. नाहीतर नोझल याच्याकडे, आणि तू खाली पडलेली ग्रिट फावड्याने गोळा करायची. वर्षभर."

फावड्याला मी कमी लेखत नाही. पण नवरदेव नोझल धरणार आणि मी त्याच्या पायाशी फावडं घेऊन वाकणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी जेवणाचा डबा तसाच बंद केला.

घरी निराळंच. आमच्या घरात बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण. ती हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. मी काय झालं ते सांगितल्यावर तिने "अरेरे" म्हटलं. बाबा लालबुंद झाले.

"माझा हात खोटा ठरवला त्याने? माझा?"

"तुमचा नाही बाबा, माझा!"

"तुला कुणी शिकवलं? पुस्तकं वाचून गंज निघत नसतो, सांग त्याला!"

त्यानंतर ते दोन दिवस बोलले नाहीत. बाबांना ऐकू येत नाही म्हणून ते एरवी ओरडूनच बोलतात, त्यामुळे ते दोन दिवस घर इतकं शांत होतं की शेजारच्या काकू तब्येतीची चौकशी करून गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून लोखंडाचे दोन तुकडे आणले, ताजे ब्लास्ट केलेले, कागदात गुंडाळून. एक बाबांसमोर ठेवला. "बघा बरं, काम कसं झालंय."

बाबांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी डोळे मिटून तळवा फिरवला आणि दोन दिवसांचा अबोला विसरून म्हणाले, "वा! मस्त खरखर."

दुसऱ्या तुकड्याला मी कुणाला शिवू दिलं नाही. दोन्ही नेऊन बाथरूममध्ये फळीवर ठेवले. बहिणीने ड्यूटीला जाण्याआधी कढत पाण्याने आंघोळ केली, मी दार लावून घेतलं आणि कामावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा बाबा बाथरूमच्या दारात उभे होते. न शिवलेला तुकडा होता तसा होता. दुसऱ्यावर तांबडा पंजा उमटला होता, आणि त्याचं एक बोट आखूड होतं. तो कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

बाबांनी तो तुकडा कडांना धरून उचलला, खिडकीशी नेला, उजेडात उलटसुलट केला. मग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"किती टाक्यांमध्ये असेल गं माझा हात?"

"रंगाच्या खाली आहे बाबा. कुणाला दिसत नाही," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं.

"मला दिसतोय ना."

मला रडूच आलं. पस्तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या हातावर विश्वास ठेवून जगला, आणि मी माझी बाजू खरी करायला तो विश्वास एका दिवसात बाथरूमच्या फळीवर वाळत घातला. माझ्या मनात आलं, खड्ड्यात जाऊ दे ते कार्ड. बाबांनी मात्र तुकडा टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात गरजले, "परीक्षा कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी!"

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आपण तीन आठवड्यांत घालवू!"

आणि मग आमच्या घरात ते तीन आठवडे सुरू झाले. मी भिंतीला टेकायला हात पुढे केला की खुर्चीतून आवाज येई, "हात!" इस्त्रीच्या कपड्यावर हात फिरवला, "हात!" एकदा बहिणीला कणकण वाटत होती म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावायला गेले, तर पलीकडच्या खोलीतून "हात!"

"बाबा, ही लोखंडाची नाही!"

"हाताला काय ठाऊक! सवय ती सवय!"

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. तो "हात!" जिन्यात घुमे. रविवारी ते आमच्या कामाच्या आवारात येऊन उपड्या पिंपावर बसत, आणि मशीन चालू असतानासुद्धा तो आवाज मला ऐकू येई. नवरदेवाने एकदा दचकून नोझलच खाली टाकलं. मला फार बरं वाटलं.

तरी हात ऐकेना. ब्लास्टिंग संपलं की तो जायचाच. शेवटी बहिणीने युक्ती सांगितली. "हाताला नुसतं नको नको सांगून तो ऐकत नाही, त्याला दुसरी जागा दे," ती म्हणाली. "आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी हात धुतले की असे छातीशी धरून उभे राहतात. कशालाच शिवायचं नाही. आणि निर्जंतुक ट्रेला कुणाचा उघडा हात लागला, तर अख्खा ट्रे बाद. पुन्हा पहिल्यापासून."

"मोठ्या डॉक्टरांचा लागला तर?"

"तर मोठ्या डॉक्टरांना सांगायचं. मी सांगते की. पहिल्यांदा सांगताना फार घाबरले होते मी. पण पेशंट टेबलावर असतो ना, तो थोडाच बोलणार आहे?"

परीक्षेचं पुस्तकही मी या वेळी नीट वाचलं. बाबांना ऐकायचं असे, म्हणून मोठ्याने वाचलं. पान बेचाळीस मला तोंडपाठ झालं, कारण बाबा ते पुन्हा पुन्हा वाचायला लावत. सॉल्व्हंटने, म्हणजे थिनरसारख्या द्रवाने, तेल निघतं, मीठ निघत नाही. मीठ काढायला स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं, मग वाळवून पुन्हा ब्लास्टिंग. जिन्यात भेटल्या की काकू मला विचारायच्या, "काय गं, सॉल्व्हंटने काय निघतं म्हणालीस?" अख्खी इमारत परीक्षेला बसली असती तर पास झाली असती.

परीक्षेच्या दिवशी तीच शेड, तेच दमट कपाट आणि तेच हडकुळे परीक्षक. त्यांनी मला ओळखलं. माझ्या उजव्या हाताकडे एक नजर टाकली. आम्ही सहा जण होतो. माझ्या शेजारी जहाजांचं काम करणारा एक धिप्पाड माणूस होता. ब्लास्टिंगला दोन तास, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर.

मला मिळालेली प्लेट खड्ड्याखड्ड्यांची होती. गंज बोल्टांच्या बुडात जाऊन बसला होता. मी नोझल धरलं, आणि एकदा ते धरलं की मला जगाची काळजी राहत नाही. कडा आधी, मग बोल्टांच्या चारी बाजू, मग वेल्डच्या खाचा, मग सपाट भाग. शेवटी हवा मारून धूळ उडवली. नळी बंद केली, डोक्यावरचा टोप उतरवला, हातमोजे तसेच ठेवले आणि दोन्ही हात छातीशी घेऊन उभी राहिले. घड्याळात पंचवीस मिनिटं उरली होती.

"ताई, प्रार्थना करताय?" जहाजवाल्याने विचारलं.

"नाही. हातांवर पहारा ठेवलाय."

परीक्षक आले. आधी त्यांनी भिंग लावून कडा बघितल्या. मग वाकून बोल्टांची बुडं बघितली, आरशाच्या तुकड्याने मागची बाजू बघितली. फॉर्मवर लिहायला त्यांनी उजवा हातमोजा काढून काखेत धरला. लिहिलं. पेन खिशात घातलं. पुन्हा एकदा प्लेटकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं. कामातला माणूस चांगलं काम बघतो तेव्हा येतं तसं.

आणि मला तो हात दिसला. मनगट सैल, बोटं जराशी पसरलेली, तळवा खाली. तो हात मला जन्मापासून माहीत होता. बाबांचा तसाच जायचा, माझाही तसाच जायचा.

"हात!"

माझ्या तोंडून बाबांचाच आवाज निघाला. मशीन नुकतंच थांबलं होतं, त्यामुळे शेडच्या छतापर्यंत घुमला. पण उशीर झाला होता. परीक्षकांचा उघडा तळवा माझ्या प्लेटच्या मधोमध टेकला होता.

सगळी शेड वळून बघायला लागली. परीक्षकांनी हात उचलला आणि तळव्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

मला बहिणीचे मोठे डॉक्टर आठवले. याच माणसाच्या पेनात माझं कार्ड होतं. आठ टाक्या होत्या, आणि नाही झालं तर फावडं होतं. त्यांनी घसा साफ केला. "हरकत नाही ताई," ते हळूच म्हणाले. "सॉल्व्हंटने पुसून घ्या. वेळ कमी आहे तुमच्याकडे."

वेळ खरंच कमी होता. वीसच मिनिटं उरली होती. धुऊन, वाळवून, पुन्हा ब्लास्ट करायचं तर अर्धा तास तरी हवा. पुसून टाकते म्हटलं असतं तर परीक्षकांची लाज राखली गेली असती, आणि त्यांनीच पुसायला सांगितलं म्हणून मला कुणी दोष दिला नसता. पण मला खिडकीशी तुकडा धरून उभे राहिलेले बाबा दिसले. रंगाखाली गेला म्हणून त्यांचा ठसा नाहीसा झाला नव्हता.

"सॉल्व्हंटने तेल निघतं, मीठ निघत नाही," मी म्हटलं. "पान बेचाळीस. ही प्लेट आता धुवायची आणि पुन्हा ब्लास्ट करायची."

"तेवढा वेळ..."

"घड्याळ थांबवा. हात माझा नव्हता. आणि फॉर्मवर लिहा, कुणाचा होता ते."

एवढं बोलून गेल्यावर मला वाटलं, संपलं. माझ्या रागाने बऱ्याच ठिकाणी माझं वाटोळं केलंय, त्यात हे एक. पण परीक्षक भिंतीशी गेले आणि स्वतःच्या हाताने घड्याळ थांबवलं. पेन काढलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अकरा वाजून दहा मिनिटांनी काम थांबवले. कारण, परीक्षकाचा उघडा हात प्लेटला लागला." खाली सही केली.

जहाजवाल्याला त्यांची दया आली असावी. "सर, मुद्दाम केलंत ना? बाईंची परीक्षा घ्यायला?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. "हो" म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता, वर हुशारीही दिसली असती. आम्ही सगळ्यांनी विश्वासही ठेवला असता.

"नाही," परीक्षक म्हणाले. "मुद्दाम नाही. एकोणतीस वर्षांची खोड आहे. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं." मग त्यांनी काखेतला हातमोजा पुन्हा चढवला आणि दिवसभर काढला नाही. हातमोजे घालून लिहिल्यामुळे त्यांचं त्या दिवशीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालं होतं. पण त्या घटकेपासून तो माणूस मला आवडायला लागला.

मी प्लेट स्वच्छ पाण्याने तीनदा धुतली. हवेने वाळवली. घड्याळ पुन्हा सुरू झालं. उरलेल्या वीस मिनिटांत मी तिला मधोमध, कडांना, सगळीकडे पुन्हा एकदा अशी ब्लास्ट केली की सकाळचं काम तिच्यापुढे आळशी वाटावं. संपलं तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. हात छातीशी.

सुट्टी संपल्यावर परीक्षकांनी कपाटाचं दार उघडलं, माझी प्लेट हातमोज्यांनी बाहेर काढली आणि उजेडात धरली. आम्हा दोघांचीही नजर एकाच जागी गेली, बरोबर मधोमध. तिथे काही नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा करडा रंग, कुठे डाग नाही, रेष नाही. परीक्षकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी हसले, आणि तेही हसले.

त्यांनी मिठाची चाचणी घेतली. प्लेटवर एक छोटी चिकटपट्टी लावून, तिच्यात शुद्ध पाणी सोडून, ते पाणी मीटरला दाखवायचं असतं; आकडा कमी म्हणजे मीठ कमी. माझा आकडा सहा जणांत सगळ्यात कमी आला. रंग मी कसा दिला ते सांगत बसत नाही. आधी ब्रशने कडा आणि बोल्ट, मग रंग फवारायच्या गनने सगळी प्लेट. ओल्या रंगाची जाडी दातेरी पट्टीने मोजली तेव्हा प्रत्येक ठिकाणी जेवढी हवी तेवढीच होती. जहाजवाला स्वतःचं काम सोडून बघत उभा राहिला, तर त्याला परीक्षकांनी दटावलं.

चौथ्या दिवशी निकाल फळ्यावर लागला. शंभरात शहाण्णव. तुकडीत पहिली. खालच्या नावाला चौऱ्याऐंशी होते, ते जहाजवाल्याचे. त्याने माझे दोन्ही हात हातात घेऊन गदागदा हलवले.

परीक्षकांनी स्वतः कार्ड दिलं. मग जरा घुटमळून विचारलं, "ताई, तो आवाज कुणाचा होता? तो 'हात'? तुमचा वाटला नाही."

"आमच्या बाबांचा."

"पुढच्या तुकडीला शिकवायला येतील का ते?"

"येतील की. फक्त शेडचं छत मजबूत करून घ्या."

मी वाटेत कामाच्या आवारात थांबले. मुकादमाच्या टेबलावर कार्ड ठेवलं, अलगद नाही, जरा आपटूनच. त्याने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि नवरदेवाकडे मान केली. नवरदेवाने कोपऱ्यातलं माझं नोझल उचललं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "शहाण्णव?" त्याने विचारलं. "मला सत्तर होते." पहिल्यांदाच त्याचा मला राग आला नाही. फावडं भिंतीला टेकून होतं. ते मी उचलून आत ठेवून दिलं.

घरी बाबा दारातच होते. मी जिन्याच्या खालच्या वळणावर असतानाच त्यांनी विचारलं, "काय झालं?" चारी मजल्यांवरची दारं उघडली. बहीण आतून धावत आली, शेजारच्या काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. मी नुसतं कार्ड वर धरलं.

बाबांनी घ्यायला हात पुढे केला. तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागे घेतला, छातीशी धरला, आणि म्हणाले, "थांब."

ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचे जुने कामाचे हातमोजे होते. ते त्यांनी सावकाश घातले. अनामिकेचं टोक रिकामं लोंबत होतं. मग त्यांनी माझं कार्ड कडांना धरून घेतलं, ताज्या प्लेटला धरतात तसं, आणि खिडकीशी नेऊन उजेडात वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"मधोमध काही डाग नाही," ते म्हणाले. मी त्यांना मिठी मारली. बहीण रडत होती आणि हसत होती.

"बघू तरी आम्हाला!" असं म्हणत काकूंनी ओला हात कार्डाकडे पुढे केला, आणि अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं, "हात!"